एप्रिल लागला की वरच्या माळ्यावरचं वायफाय का झोपतं?

जानेवारीत वरच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल विनातक्रार चालतो, एप्रिलमध्ये त्याच पलंगावर बसलं की नुसतं चाक फिरत राहतं. कंपनीचा माणूस येतो, हॉलमध्ये राउटरजवळ उभा राहून स्पीड दाखवतो, "इथे तर पूर्ण येऊन राहिलं" म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नसतो. बिघाड लाइनमध्ये नसून राउटर ते खोली या शेवटच्या तीस-चाळीस फुटांत असतो, आणि नागपूरच्या घरांत हे तीस-चाळीस फूट उन्हाळ्यात बदलतात.

तीस बाय पन्नासच्या प्लॉटवरचं दुमजली घर घ्या. मनीषनगर, बेसा, मानेवाडा, कुठलंही. खांबावरून आलेली फायबर समोरच्या बाजूने आत घेतलेली असते, म्हणून राउटर खालच्या हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात. वरच्या मागच्या खोलीत पोचणारा सिग्नल सरळ स्लॅब भेदून आलेला क्वचितच असतो. थोडा जिन्याच्या पोकळीतून वर चढतो, थोडा खालच्या खिडकीतून बाहेर पडून शेजारच्या भिंतीवर आपटतो आणि वरच्या खिडकीतून आत शिरतो. मार्चअखेर त्याच खिडकीत पत्र्याच्या बॉडीचा कूलर बसतो. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी त्या शोषून घेतात. ज्या खोलीत एसी आहे तिचं दार दिवसभर लावलेलं राहतं, म्हणजे जिन्याकडून येणारी वाटही अरुंद झाली. वरून शाळेला सुट्ट्या, म्हणजे घरात एकाच वेळी चालणारे फोन आणि टीव्ही दुप्पट.

कूलरच्या मोटरमुळे वायफायला त्रास होतो असं बरेच जण सांगतात. त्यात तथ्य नाही. कूलरची मोटर इंडक्शन जातीची असते, तिला ब्रश नसतात, ठिणग्या उडत नाहीत. कूलर बंद ठेवूनही रेंज तितकीच खराब राहील, कारण अडथळा पत्र्याचा आणि पाण्याचा आहे. उन्हासाठी खिडकीच्या काचेवर लावलेली चकचकीत फिल्म मात्र खरी गुन्हेगार असू शकते, कारण तिच्यात धातूचा पातळ थर असतो. छताखाली लावलेली फॉइलची शीट, गच्चीवरचं टिनाचं शेड, यांचंही तेच. गच्चीला मारलेला पांढरा रंग आणि हिरवी नेट यांचा काही संबंध नाही.

आधी मोजा

लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडा आणि स्पीड पाहा. इथेच आकडा कमी आला तर घरातल्या भिंतींना दोष देण्यात अर्थ नाही. डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागत असेल तर बहुधा फायबर तुटलेली, वाकलेली किंवा खारीने कुरतडलेली आहे. डब्याच्या सेटिंगमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे फायबरमधून आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. ती साधारण उणे १५ ते उणे २४ डीबीएम असावी. उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन तुटत-जोडत राहते, आणि ते काम कंपनीचंच. फायबर दाराच्या चौकटीत चेमटलेली किंवा खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली असते, तेवढी सैल केली तरी कधी कधी आकडा सुधारतो. तिचं वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको.

लाइन ठीक निघाली तर खोल्यांकडे वळा. फोनवर दिसणाऱ्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपापल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडवर कुठलंही वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या (लोकेशन चालू लागतं). आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये स्कॅनर आहे, तो फोनच्या सेटिंगमधून सुरू करावा लागतो. घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक खोलीत, जिथे माणूस खरोखर बसतो तिथे, सिग्नलचा डीबीएममधला आकडा लिहा. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त. उणे ७५ ला वेब पान उघडेल पण कॉल अडखळेल, आणि उणे ८० नंतर फोन जोडलेला दिसतो एवढंच. या मापात ३ ची घट म्हणजे ताकद निम्मी, १० ची घट म्हणजे एक दशांश. उणे ६० वरून उणे ८० वर गेलात तर सिग्नलचा शंभरावा भाग उरला.

कागदावर भिंती मोजा. साडेचार इंची विटेची भिंत २.४ गिगाहर्ट्झवर साधारण ४-५ डीबी खाते, ५ गिगाहर्ट्झवर त्याच्या दीडपट-दुप्पट. सळयांची जाळी असलेला स्लॅब १५ ते २० डीबी घेतो आणि ५ गिगाहर्ट्झवर त्याहून जास्त. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, भरलेली पाण्याची टाकी वाटेत आली तर मागे सावली पडते. भिंत तिरकी ओलांडावी लागली तर लहरीला तीच भिंत जास्त जाड लागते, म्हणून राउटरपासून तिरक्या कोपऱ्यातली खोली सरळ रेषेतल्या खोलीपेक्षा वाईट निघते.

एक छोटा खुलासा, कारण गोंधळ रोजचा आहे: वायफायच्या नावापुढे असलेलं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. मोबाइलच्या ५जीशी त्याचं नातं नाही. २.४ दूर जातो पण शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकतो, ५ जलद असतो पण भिंतीला घाबरतो.

फुकटात होणारी कामं

राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसमध्ये असेल तर बाहेर काढा. दुमजली घरात उत्तम जागा जिन्याच्या लँडिंगची, जमिनीपासून सहा-सात फूट. त्यासाठी फायबर पुढे ओढायची गरज नाही. फायबरचा डबा कोपऱ्यातच राहू द्या आणि तिथून इथरनेट केबलने राउटर लँडिंगवर न्या. डबा आणि राउटर एकच असेल तर तो हलवायला कंपनीला सांगावं लागेल, किंवा त्याचं वायफाय बंद करून दुसरा राउटर लँडिंगवर लावा.

अँटेनाची लहर मेदूवड्यासारखी पसरते, अँटेना वड्याच्या भोकात उभी. म्हणजे आडव्या दिशेत भरपूर, तिच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ शून्य. सगळ्या अँटेना उभ्या ठेवून बरोब्बर वरच्या खोलीत रेंज शोधाल तर मिळणार नाही. चारपैकी दोन उभ्या, दोन आडव्या करा. राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढून पाहा, तिच्या केबलमधून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, पण तो पाच मिनिटांचा पाहुणा.

उष्णतेचं गणित वेगळं आहे आणि इकडे ते टाळता येत नाही. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेर ४५ असताना, दुपारी स्लॅबखालच्या बंद खोलीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. मग चिप वेग उतरवते किंवा राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. तक्रार दुपारी दोन ते सहामध्येच येत असेल आणि रात्री सगळं ठीक असेल तर रेंजच्या आधी हे तपासा. राउटर भिंतीवर उभा टांगा, खाली-वर हवा फिरू द्या, त्यावरचं विणलेलं कव्हर काढा, आणि गच्चीच्या जिन्यावरच्या खोलीत तर तो ठेवूच नका.

मोठा राउटर घेऊन का भागत नाही

आठ अँटेनांचा राउटर आणला की आकडा थोडा सुधारतो, कॉल मात्र तसाच तुटतो. कारण बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटरचा आवाज मोठा झाला तरी फोनचा तेवढाच राहतो. फोनची प्रक्षेपण ताकद बॅटरीमुळे मर्यादित असते, राउटरपेक्षा बरीच कमी. फोनला राउटरचं ऐकू येतं, राउटरला फोनचं नाही.

प्लगमध्ये खोचायचा रिपीटर स्वस्त, पण एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर किंवा खाली येतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही तिथे लावतात. जिथे काही ऐकूच येत नाही तिथे तो पुढे काय सांगणार? रिपीटर असो वा वायरविना मेश (एकमेकांशी बोलणारी दोन-तीन युनिटं), दुसरं युनिट मृत खोलीत नको, वाटेत हवं, जिथे मुख्य राउटरचा आकडा उणे ६० ते ६५ आहे. आमच्या दुमजली घरांत अशी जागा बहुधा पुन्हा जिन्यापाशीच सापडते. मेश वायरविना वापरायचा असेल तर तीन रेडिओंचा घ्या, ज्यातला एक युनिटांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखीव असतो.

विजेच्या वायरिंगवरून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर बंगल्यांत हटकून फसतात. घराला थ्री फेज मीटर असेल तर खालचा सॉकेट एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर. त्यात इन्व्हर्टरची लाइन वेगळी. दोन्ही टोकं एकाच फेजवर आहेत याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री झाली तरच विकत घ्या.

उरतो तो एकच पक्का उपाय: खोलीच्या जवळपर्यंत वायर, आणि फक्त शेवटची भिंत हवेतून.

वायर

भिंती फोडाव्या लागतील म्हणून लोक इथेच थांबतात. त्याआधी घरात आधीच असलेले पाइप शोधा. २०१० च्या आधीच्या बऱ्याच घरांत लँडलाइनसाठी हॉल ते बेडरूम पाइप टाकलेला आहे, आणि डिशच्या केबलसाठी गच्ची ते टीव्ही. दोन्ही आज रिकाम्यासारखेच. टेलिफोनची जुनी वायर एका टोकाला ओढून पाहा. हलली तर तिच्याच शेपटीला नवी केबल टेपने घट्ट बांधून ओढून घ्या. हलली नाही तर इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग घालावी लागेल. ज्या पाइपमध्ये २३० व्होल्टची वायर आहे त्यात मात्र ही केबल घालू नका. तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, वेगाचा नंतर. समांतर जायचं असेल तर दोन्हींत निदान वीतभर अंतर ठेवा.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. सीताबर्डीच्या बाजारात स्वस्त मिळते ती बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. ती दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि तिच्यातून वीज नेली तर जास्त तापते. वर सांगितलेल्या घरात एका खोलीपर्यंत २५ ते ३० मीटर लागते, वर-खाली मिळून दोन ठिकाणी न्यायची तर ६०-७० मीटर धरा. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी आड येत नाही. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची बाहेरची केबल, नाहीतर आपलं ऊन साध्या आवरणाला काही उन्हाळ्यांत तडे पाडतं आणि पावसाळ्यात पाणी आत उतरतं. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळावरून गळतो, भोकातून आत येत नाही.

टोकांचा क्रम दोन्हीकडे सारखा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सर्वांत जास्त भेटणारी चूक इथली आहे. आठपैकी चारच तारा नीट बसल्या तरी इंटरनेट चालतं, फक्त १०० एमबीपीएसवर अडकतं, आणि ३०० चा प्लॅन घेऊन लोक ९४ चा आकडा बघत बसतात. ९०-९५ वर वेग थांबला की प्लॅनआधी क्लिप तपासा. भिंतीतली केबल भिंतीवरच्या सॉकेटमध्ये पंच करा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड लावा. क्रिम्प केलेलं टोक रोज हलत राहिलं की आधी एक तार रुसते.

मागच्या आवारात वेगळी खोली किंवा भाडेकरूंचं घर असेल आणि केबल उघड्यावरून जाणार असेल, तर तांबं नको. मान्सूनपूर्व वादळात जवळपास वीज पडली तरी लांब तांब्याच्या केबलमध्ये झटका तयार होतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तिथे फायबरचा तुकडा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला इथरनेट केबलशी जोडणारे डबे) लावा, जोडीतला एक 'ए' आणि एक 'बी' असा पाहून घ्या. दोन्ही 'ए' आणले तर दिवा लागणार नाही.

वरच्या टोकाला काय लावायचं

कपाटात पडलेला जुना राउटर चालतो, मात्र पोर्ट गिगाबिट हवेत आणि ५ गिगाहर्ट्झ हवा. त्याच्या मेन्यूत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (फक्त वायफाय देणं, बाकी काम मुख्य राउटरकडे) असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर लॅपटॉपला एकटाच जोडून त्याचा पत्ता बदला. पहिले तीन आकडे मुख्य राउटरसारखेच, शेवटचा वेगळा: मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि हा आकडा मुख्य राउटर फोनना वाटतो त्या यादीबाहेरचा. मग डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद. मग भिंतीतून आलेली केबल निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये न लावता साध्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅनमध्ये लावली तर इंटरनेट येतं, पण वरच्या माळ्याचं नेटवर्क वेगळं होतं आणि खालचा प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर वरून दिसत नाहीत. डीएचसीपी चालू राहिलं तर त्याहून वाईट: कधी चालतं, कधी नाही, आणि कारण सापडत नाही.

वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अक्षरशः सारखे ठेवा. चॅनेल मात्र वेगळे. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवून शेजाऱ्यांशी भांडण विकत घेण्यात फायदा नाही. ५ मध्ये खाली ३६ आणि वर १४९, रुंदी ८०. ५२ ते १४४ चे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला सुरू होताना निदान मिनिटभर तिथे नुसतं ऐकत थांबावं लागतं, म्हणून रीस्टार्टनंतर ५ चं नाव काही वेळ गायब दिसतं.

आता नवी तक्रार येईल: वर गेलो तरी फोन खालच्या राउटरलाच चिकटून राहतो. कुठे जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. खालचा आवाज वर अंधुक का होईना येतोय तोवर तो सोडत नाही. उपाय उलटा वाटेल पण लागू पडतो: दोन्ही राउटरची २.४ ची ताकद 'मध्यम' करा, ५ ची पूर्ण ठेवा. विंडोज लॅपटॉपवर वायफाय कार्डाच्या प्रगत सेटिंगमध्ये बहुधा 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' मिळतं, ते एक पायरी वाढवा.

टीव्ही, डीव्हीआर, गेमिंगचा डबा, जे जागचं हलत नाही ते वायरवर टाका. पोर्ट कमी पडले तर आठ पोर्टचा गिगाबिट स्विच. एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये गेली तर सगळं घर ठप्प होतं आणि स्विचचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकतात. दिसलं की ओळखा, कंपनीला फोन करू नका.

महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांचं तंत्र निराळं. दीड-दोन फुटी भिंतीतून पलीकडे जायची आशाच सोडा. पण सगळ्या खोल्यांची दारं चौकाकडे उघडतात, तेव्हा चौकाच्या ओसरीत छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावला तर दारांतून आत पुरेशी रेंज जाते. दार लावून बसणाऱ्या खोलीला स्वतंत्र वायर.

लाइट गेल्यावर

राउटर इन्व्हर्टरवर आणि वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट साध्या सॉकेटवर असेल तर लाइट जाताच वरचे सगळे फोन खालच्या अंधुक सिग्नलवर जातात, आणि तक्रार येते की 'लाइट गेली की नेट स्लो होतं'. छताला लावायचे अ‍ॅक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेणारे मिळतात. केबलमधून वीज देणारा पीओई स्विच खाली राउटरजवळ ठेवून त्याला इन्व्हर्टर दिला की वर वेगळ्या सॉकेटची गरज राहत नाही.

दोन-तीन उन्हाळे झालेला राउटर उगाच रीस्टार्ट होत असेल तर बहुधा दोष अडॅप्टरचा. उष्णतेने त्यातले कपॅसिटर वाळतात. राउटर चालू असताना मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टचे ११.५ च्या खाली आले तर अडॅप्टर बदला. नव्याचे व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा मधला भाग धन आहे ना ते अडॅप्टरवरच्या चित्रात पाहून घ्या.

सगळं लागल्यावर तोच कागद घेऊन पुन्हा फिरा, पण कूलर खिडकीत बसवून, टाकी भरून, ताट्या ओल्या करून आणि एसीच्या खोल्यांची दारं लावून. त्या अवस्थेत प्रत्येक पलंगावर ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ६७ किंवा त्याहून बरा आला तर अ‍ॅक्सेस पॉइंट भिंतीला कायमचा ठोका. त्याआधी तो दोन दिवस दोरीने टांगून ठेवलेला बरा.